ग्रीन डेचा 'डूकी' कसा तयार झाला आणि कसा गाजला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉप पंकचा, म्हणजे वेगवान गिटार आणि गोड चाल यांच्या जोडीचा, विषय निघाला की हा अल्बम येतोच आणि त्याच्या मागोमाग तेच तेच प्रश्नही येतात. त्यात एक समज फारच रुजलेला आहे: तीन टवाळ पोरं स्टुडिओत शिरली, धिंगाणा घातला आणि नशिबानं अल्बम चालला. खालची बरीच उत्तरं या समजाशी भांडणारी आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आधी थोडक्यात सांगा. कोणाचा, कधीचा?

ग्रीन डे हे कॅलिफोर्नियातल्या ईस्ट बे भागातलं, म्हणजे ओकलंड-बर्कली परिसरातलं त्रिकूट. बिली जो आर्मस्ट्राँग गातो आणि गिटार वाजवतो, माइक डर्न्ट बेसवर, ट्रे कूल ड्रम्सवर. 'डूकी' हा त्यांचा तिसरा अल्बम, पण मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला. रिप्राइज रेकॉर्ड्सनं तो १ फेब्रुवारी १९९४ रोजी बाजारात आणला. यादीत चौदा गाणी, शेवटी एक लपवलेलं, आणि सगळा ऐवज चाळीस मिनिटांच्या आत. तिघांचाही जन्म १९७२चा. रेकॉर्डिंग १९९३चं. त्यांची वयं तुम्हीच काढा.

त्याआधी हे काय करत होते? एकदम आकाशातून पडले का?

अजिबात नाही. बिली जो आणि माइक शाळेपासूनचे दोस्त. आधी त्यांच्या बँडचं नाव 'स्वीट चिल्ड्रन' होतं, ते १९८९मध्ये बदलून 'ग्रीन डे' झालं. लॅरी लिव्हरमोरच्या लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या लेबलनं त्यांचे पहिले दोन अल्बम काढले. पहिल्यावर जॉन किफमायर हा ड्रमर होता. तो शिक्षणासाठी बाहेर पडला आणि त्याच्या जागी ट्रे कूल आला. दुसऱ्या अल्बमपासून, म्हणजे 'करप्लंक'पासून, हे त्रिकूट पक्कं झालं.

त्यांचं खरं घर म्हणजे बर्कलीतलं ९२४ गिलमन स्ट्रीट. १९८६च्या शेवटच्या रात्री सुरू झालेला, स्वयंसेवकांनी चालवलेला हा अड्डा. दारू नाही, मारामारी नाही, वंशभेदाची भाषा नाही, आणि मोठ्या लेबलचे बँड तर अजिबात नाहीत. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी वेळ दौऱ्यांवर जायचा. एक जुनी फिरत्या ग्रंथालयाची गाडी घेऊन तिच्यात सगळं सामान भरायचं आणि ट्रे कूलच्या वडिलांनी ती चालवायची, असा तो संसार होता. रोज रात्री वाजवायचं, सकाळी पुढच्या गावाला निघायचं. 'डूकी'तली सफाई या रस्त्यावर कमावलेली आहे.

मग मोठ्या कंपनीकडे का गेले?

'करप्लंक' एका छोट्या लेबलच्या मानानं जोरात खपला. बँडच्या मागची गर्दी वाढत गेली, आणि 'निर्वाणा'च्या यशानंतर मोठ्या कंपन्यांची माणसं अशा बँडच्या शोधात गावोगाव फिरतच होती. ग्रीन डेच्या मागे एकापेक्षा जास्त कंपन्या लागल्या होत्या. त्यात बाजी मारली रिप्राइजच्या रॉब काव्हालोनं. त्याच्याकडे यांच्या डेमोची, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगची, कॅसेट पोचली, ती त्यानं गाडीत ऐकली आणि आपल्या हाती काय लागलंय हे त्याला लगेच कळलं.

बँडच्या बाजूनंही काव्हालो निवडण्याला कारण होतं. त्यानं 'द मफ्स' या बँडचा अल्बम केला होता आणि तो या तिघांना आवडला होता. तो नुसता कंपनीचा माणूस नव्हता, स्वतः प्रोड्यूसर म्हणून स्टुडिओत बसणार होता. करारावर सही घेणारा आणि गाणं ऐकणारा माणूस एकच असला की मधली बरीच कटकट वाचते. माझ्या मते या अल्बमच्या बाबतीत घडलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

गाणी स्टुडिओत लिहिली का?

नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. आत जाण्याआधी गाणी तयार होती, डेमो झालेले होते, कित्येक गाणी लोकांसमोर वाजवून घासली गेली होती. 'लाँगव्ह्यू'ला तर नावच त्या गावाचं आहे जिथे ते पहिल्यांदा वाजवलं गेलं: वॉशिंग्टन राज्यातलं लाँगव्ह्यू.

पॉप पंकमध्ये याला फार महत्त्व आहे. दोन-अडीच मिनिटांच्या गाण्यात चूक लपवायला जागा नसते. कडवं किती लांबवायचं, कोरस कुठे सोडायचा, ड्रम्सची झपाट्यानं येणारी तान कुठे संपवायची, हे पन्नास माणसांच्या गर्दीसमोर चार वेळा फसल्याशिवाय कळत नाही. स्टुडिओचं मीटर चालू असताना या गोष्टी ठरवायला बसलं की पैसा जातो आणि गाण्यातला जीवही.

रेकॉर्डिंगला किती वेळ लागला? कुठे झालं?

बर्कलीतल्याच फँटसी स्टुडिओजमध्ये, १९९३च्या उत्तरार्धात, साधारण तीन आठवड्यांत. घरापासून जवळ. हा स्टुडिओ मुळात 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल'च्या कमाईतून मोठ्या झालेल्या फँटसी या लेबलचा. २०१८मध्ये तो बंद झाला.

पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं पैसा आणि वेळ हाताशी होता, तरी तिघांनी तो उधळला नाही. जे येत होतं ते नीट वाजवलं.

मग मिक्सिंग दोनदा का करावं लागलं?

मिक्सिंग म्हणजे रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज यांचं प्रमाण जुळवणं. पहिलं मिक्स बँडला पसंत पडलं नाही. त्यांना कोरडा आवाज हवा होता: खोलीचा घुमारा कमी, वाद्यं अगदी तोंडासमोर, 'सेक्स पिस्टल्स'सारखी किंवा सुरुवातीच्या 'ब्लॅक सबाथ'सारखी. काव्हालोलाही ते पटलं. मग सगळं पुन्हा मिक्स झालं आणि तिथे जेरी फिन या तरुण इंजिनिअरनं आपला हात दाखवला.

नव्वदच्या दशकातल्या पॉप पंकचा 'आवाज' म्हणून आज जो ओळखला जातो, त्याचा बराचसा उगम या दुसऱ्या मिक्समध्ये आहे असं मला वाटतं. फिननं पुढे 'ब्लिंक-१८२'चे गाजलेले अल्बम प्रोड्यूस केले. २००८मध्ये तो फार लवकर गेला. काव्हालोनं नंतर 'अमेरिकन इडियट' आणि 'माय केमिकल रोमान्स'चा 'द ब्लॅक परेड' केला. म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांची बरीचशी खतावणी या एका अल्बमच्या कामावर असलेल्या माणसांच्या नावावर निघते.

तिघांनी तीन आठवड्यांत वाजवून टाकलं ते टाकलंच, पण ते ऐकायला कसं लागावं यावर मात्र तडजोड केली नाही. 'धिंगाणा घालून झाला' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

गिटारचा तो आवाज कसा काढला?

बिली जोची निळी गिटार प्रसिद्ध आहे. फर्नांडिस कंपनीची, स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची, लहानपणी आईनं घेऊन दिलेली, अंगभर स्टिकर चिकटवलेली. ब्रिजजवळ हंबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, जाड आवाजाचा भाग) आणि पुढे मार्शल अ‍ॅम्प. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावलेल्या असतात. मूळ गाण्यासोबत वाजवायला बसलात आणि काहीतरी बेसूर लागतंय असं वाटलं, तर दोष तुमच्या कानाचा नाही, आधी तारा उतरवा.

बाकीचं काम उजव्या हाताचं. सगळे स्ट्रोक खालच्या दिशेनं, तळहात तारांवर किंचित टेकवलेला. 'बास्केट केस'ची सुरुवात ऐका: फक्त आवाज आणि ती दाबलेली गिटार. बेस आणि ड्रम्स गप्प. तुम्ही वाट बघता, अजून वाट बघता, आणि मग बाकीचे दोघं तुटून पडतात. आवाजाची पातळी वाढवून हा परिणाम येत नाही, दोन माणसांना थोडा वेळ हात बांधून बसवल्यामुळे येतो.

'लाँगव्ह्यू'ची बेसलाइन माइकला नशेत सुचली हे खरं का?

स्वतः माइकनंच तसं सांगितलंय: एलएसडी घेतलेली होती आणि तेव्हा ती सुचली. नंतर शुद्धीवर आल्यावर त्यातलं जेवढं आठवलं तेवढं राहिलं. किस्सा मजेशीर आहे, म्हणूनच सगळीकडे फिरतो.

पण किश्शापेक्षा बेसलाइन ऐका. कडव्यात गिटारच नाही. ट्रे कूल टॉम्सवर (ड्रम्समधल्या खोल आवाजाच्या ढोलांवर) झोके घेत एक लोळत जाणारा ठेका धरतो आणि त्यावर बेस एकटाच इकडून तिकडे भटकत राहतो. गाणं आहे घरात सोफ्यावर पडून टीव्ही बघत कंटाळलेल्या पोराचं. कडवं त्या कंटाळ्यासारखं रेंगाळतं, कोरसमध्ये गिटार घुसली की तो कंटाळा फुटतो, आणि पुढच्या कडव्यात पोरगं परत सोफ्यावर. शब्द कळले नाहीत तरी गोष्ट कळते. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा असं म्हणणाऱ्या कुणालाही मी आधी हे गाणं ऐकवतो.

गाणी नेमकी कशाबद्दल आहेत? नुसती टवाळकी आहे का?

वरवर टवाळकी आहे, आत बरंच काही आहे. 'बास्केट केस' बिली जोच्या घबराटीच्या झटक्यांबद्दल आहे. आपल्याला काय होतंय हे कळत नव्हतं तेव्हा आपण वेडे होतोय की काय असं त्याला वाटायचं. पॅनिक डिसऑर्डरचं निदान नंतर झालं. १९९४मध्ये रेडिओवर असं गाणं उड्या मारत ऐकलं जावं, हे आजही थोडं नवलाचं वाटतं.

'कमिंग क्लीन' दीड-पावणेदोन मिनिटांत आटोपतं, आणि त्यात एक पोरगा आपली लैंगिक ओळख स्वतःशी कबूल करतोय. बिली जोनं पुढे आपण उभयलिंगी आकर्षण असलेले आहोत हे उघडपणे सांगितलं. त्याच सुमाराच्या दौऱ्यात ग्रीन डेनं 'पॅन्सी डिव्हिजन' या समलिंगी तरुणांच्या बँडला सोबत घेतलं होतं. मोठमोठ्या सभागृहांतल्या प्रेक्षकांपुढे तेव्हा हे सोपं नव्हतं.

'एमिनियस स्लीपस'चे शब्द माइकचे आहेत. शेवटचं लपलेलं 'ऑल बाय मायसेल्फ' हे ट्रे कूलचं, गातोही तोच. त्याबद्दल एवढंच म्हणेन की ते लपवलं ते बरं केलं.

'वेलकम टू पॅराडाइज' दोन अल्बमवर का आहे?

ते आधी 'करप्लंक'वर होतं, इथे पुन्हा रेकॉर्ड केलं. घर सोडून ओकलंडच्या बकाल भागात गोदामासारख्या जागेत राहायला गेलेल्या बिली जोची ती गोष्ट. दोन्ही लागोपाठ ऐका. गाणं तेच, वेगही जवळपास तोच, पण दुसऱ्यात मधला तो काळोखा वाद्यांचा भाग अंगावर येतो. चांगल्या स्टुडिओनं आणि चांगल्या मिक्सनं नेमकं काय दिलं हे समजून घ्यायला याहून सोपा धडा नाही.

नावाचा अर्थ काय?

विष्ठेसाठीचा पोरकट शब्द. दौऱ्यांवर वाट्टेल ते खाऊन पोट बिघडायचं, त्यावरून. आधी सुचलेलं नाव याहूनही किळसवाणं होतं, ते टाकून दिलं.

कव्हरवर एवढी गर्दी कसली आहे?

चित्र रिची बुचर या ईस्ट बेच्याच चित्रकाराचं. बर्कलीच्या टेलिग्राफ अव्हेन्यूवर बाँब पडताहेत, विमानात कुत्री बसली आहेत, खाली माणसांची झुंबड. भिंग घेऊन बसावं असं कव्हर आहे. 'ब्लॅक सबाथ'च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवरची झगा घातलेली बाई सापडते, 'एसी/डीसी'चा अँगस यंग सापडतो, कॅमेरा उंच धरून फोटो काढणारा दाढीवाला सापडतो. तो दर शनिवार-रविवारी गिलमनमध्ये बँडचे फोटो काढणारा माणूस.

मोठ्या कंपनीकडे जाताना या पोरांनी आपली गल्लीच कव्हरवर चढवून सोबत नेली. गल्लीला ते रुचलं नाही, तो भाग खाली येतोच. मागच्या बाजूला प्रेक्षकांच्या गर्दीचा फोटो आहे. सुरुवातीच्या प्रतींत त्यात 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही मालिकेतला एर्नी हा बाहुला दिसायचा, नंतरच्या छपाईत तो गायब झाला.

आल्या आल्या गाजला का?

नाही. सुरुवात शांतच होती. बॉम्ब फुटला तो 'लाँगव्ह्यू'च्या व्हिडिओमुळे. मार्क कोरनं तो बँडच्या राहत्या घराच्या तळघरातच चित्रित केला आणि एमटीव्हीनं तो सतत दाखवला. शेवटी बिली जो सोफा फाडतो, आठवत असेल. मग 'बास्केट केस' आला: कॅलिफोर्नियातल्या एका मनोरुग्णालयाच्या वापरात नसलेल्या इमारतीत, आधी कृष्णधवल चित्रित करून नंतर भडक रंग भरलेला. तोपर्यंत उन्हाळा उजाडला होता. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत मासिकाच्या मुख्य अल्बम यादीत 'डूकी' दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, पहिला मात्र कधी झाला नाही.

काळही अनुकूल होता. त्याच एप्रिलमध्ये 'निर्वाणा'चा गायक कर्ट कोबेन गेला, ग्रंजवर, म्हणजे त्यांच्या धाटणीच्या जड गिटारच्या रॉकवर, सावट आलं, आणि त्याच महिन्यात 'द ऑफस्प्रिंग'चा 'स्मॅश' एका स्वतंत्र लेबलकडून येऊन तुफान खपला. म्हणजे लाट एकट्या ग्रीन डेची नव्हती.

एवढं गाजलं तर 'हॉट १००' यादीत ही गाणी का दिसत नाहीत?

हा प्रश्न फार चांगला. डिसेंबर १९९८पर्यंत बिलबोर्डचा नियम होता की दुकानात वेगळं सिंगल (एकट्या गाण्याची प्रत) विकायला नसेल तर गाणं 'हॉट १००'मध्ये, म्हणजे गाण्यांच्या मुख्य यादीत, धरायचं नाही. अमेरिकेत ही गाणी रेडिओला दिली, पण सिंगल म्हणून विकली नाहीत. ज्याला 'व्हेन आय कम अराउंड' घरी हवं त्यानं अख्खा अल्बम घ्यायचा, हे त्यातलं व्यापारी गणित. त्यामुळे रेडिओच्या मॉडर्न रॉक यादीत तीन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि मुख्य यादीत त्यांचा मागमूस नाही. ब्रिटनमध्ये सिंगल विकलं गेलं, तिथे 'बास्केट केस' पहिल्या दहांत पोचलंच.

वुडस्टॉकच्या चिखलाचं काय प्रकरण?

१४ ऑगस्ट १९९४, न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीजमधला वुडस्टॉक हा संगीत महोत्सव. पावसानं मैदानाचा चिखल झालेला. प्रेक्षकांनी चिखलाचे गोळे फेकायला सुरुवात केली, बिली जोनं ते उचलून परत फेकले, आणि बघता बघता स्टेजवर लोक चढले. त्या गोंधळात सुरक्षारक्षकानं माइकलाच घुसखोर प्रेक्षक समजून आडवा केला आणि त्याचे दात तुटले. थेट प्रक्षेपण चालू होतं. घराघरांत पोचायला याहून मोठी जाहिरात कुठल्याही कंपनीला परवडली नसती.

८ सप्टेंबरला एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात त्यांनी गाजलेलं गाणं सोडून अल्बममध्ये नसलेलंच एक नवं गाणं वाजवलं. दुसऱ्या दिवशी बॉस्टनच्या हॅच शेलवर फुकट कार्यक्रम होता. हजारोंच्या संख्येनं लोक आले, थोडीच गाणी झाल्यावर कार्यक्रम बंद करावा लागला आणि धरपकड झाली. फेब्रुवारीत ज्यांना ओळखणारे मोजके होते, त्यांच्या सात महिन्यांनंतरच्या दोन दिवसांचा हा हिशेब.

'विकले गेले' हा आरोप खरा का?

गिलमनचा नियम आठवा. सही झाली आणि ज्या जागेत ते वाढले तिथलं दार बंद झालं. भिंतींवर बिली जोच्या नावानं शिव्या लिहिल्या गेल्या. पुढच्या 'इन्सॉम्निअ‍ॅक' अल्बममधलं '८६' हे गाणं याच जखमेबद्दल आहे. पुन्हा त्या स्टेजवर ते रीतसर वाजवायला आले २०१५मध्ये, एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी.

माझं मत विचाराल तर नियम गिलमनच्या जागी बरोबर होता आणि बँड आपल्या जागी. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी जागा मोठ्या कंपन्यांचं प्रदर्शन झाली असती तर पुढचे बँड कुठे तयार झाले असते? पण सही केल्यानं गाणी बदलली, हा आरोप मात्र टिकत नाही. गाणी तर आधीच तयार होती. 'करप्लंक' आणि 'डूकी' यांच्यात फरक आहे तो ध्वनीचा आणि सरावाचा.

छोट्या लेबलचा काळ सोन्याचा होता असंही समजू नका. लुकआउटनं रॉयल्टी थकवली म्हणून ग्रीन डेनं २००५मध्ये आपले जुने अल्बम तिथून काढून घेतले. २०१२मध्ये ते लेबल मिटलं.

हे खरं पंक आहे की नाही?

वाद घालायचा तर रात्र पुरणार नाही. 'बझकॉक्स' आणि 'डिसेंडंट्स' ऐकलेल्या माणसाला वेगवान गिटार आणि गोड चाल यांची जोडी नवीन नव्हती. ग्रीन डेनं ती शोधली नाही, अधिक नेटकी केली.

किती खपला? पुरस्कार कोणते?

अमेरिकेत १९९९मध्ये एक कोटी प्रतींचं हिरा प्रमाणपत्र मिळालं, आणि २०२४मध्ये आकडा दोन कोटींवर गेला. हल्लीच्या हिशेबात स्ट्रीमिंगही धरतात. १९९५मध्ये उत्कृष्ट पर्यायी संगीताचं ग्रॅमी मिळालं. २०२४मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला. विष्ठेचं नाव असलेला अल्बम सरकारी दप्तरात!

आता घ्यायचा तर कुठली आवृत्ती घ्यावी?

पहिल्यांदा ऐकत असाल तर साधी मूळ आवृत्ती पुरे. ओळख असेल तर २०२३मध्ये आलेली तिसाव्या वर्षाची आवृत्ती घ्या. त्यात डेमो आहेत, वुडस्टॉकचं वादन आहे, १९९४चा बार्सिलोनातला कार्यक्रम आहे. डेमो जरूर ऐका; स्टुडिओत जाण्याआधी गाणी किती पक्की होती याचा पुरावाच आहे तो.

२०२४मध्ये एक चक्रमपणाही झाला: प्रत्येक गाणं एकेका अडगळीतल्या माध्यमावर काढलं. कुठलं गेम बॉयच्या कार्ट्रिजवर, कुठलं फ्लॉपीवर, एक दारावरच्या बेलवर, एक टूथब्रशवर, आणि 'बास्केट केस' भिंतीवर टांगायच्या गाणाऱ्या माशात. ते जमवण्याच्या नादी लागू नका. ज्यांना मिळालं त्यांनाही त्यातली बरीच गाणी धड ऐकू येत नाहीत.